जमिनीवरील नौका

रावजी नागवेकरांची मोटार पेट्रोल पीत नसे, ढोसत असे. लिटरभर आत ओतलं की बाई मारुती मंदिरापासून निघून जेमतेम भाट्याच्या पुलापर्यंत जायच्या आणि तिथे खाडीची हवा खात उभ्या राहायच्या.

तशी बाई दिसायला खानदानी. विलायती. लाल रंग, दोन दारं, दोनच माणसांची जागा, वर काळा कापडी टप आणि पुढे हे एवढं लांब बॉनेट. वेगाच्या तबकडीवर एकशेवीस मैलांपर्यंत आकडे होते. रत्नागिरीत तिला विसाच्या पुढे गेलेली कोणी पाहिली नव्हती, आणि त्या विसातलेही आठ-दहा मागून ढकलणाऱ्यांचे असत. गोव्याकडच्या कुठल्याशा शर्यतीत ती दुसरी आली होती, असं दाजी सांगत. शर्यतीत एकूण गाड्या किती होत्या, हे मात्र ते सांगत नसत.

दाजी म्हणजे रावजींचे साडू. खेडला त्यांची भातगिरणी. ही मोटार त्यांच्याकडे कशी आली ते जाऊ द्या. शहाऐंशी सालच्या मे महिन्यात त्यांनी ती रावजींच्या दारात आणून उभी केली आणि म्हणाले, "तुम्हाला हौस आहे ना, ठेवा. नारळी पुनवेला आपण सगळे पूर्णगडला जमतोच. तिथपर्यंत न ढकलता आणलीत तर गाडी तुमची. नाहीतर इंजिन काढून मी गिरणीला बसवणार. भात भरडायला फर्स्ट क्लास आहे."

पूर्णगड हे दोघांच्याही बायकांचं माहेर, म्हणजे फजिती झालीच तर ती सासुरवाडीच्या समस्त मंडळींसमोर होणार होती. शर्यतीत धावलेल्या इंजिनाने खेडला बसून भात भरडायचा! त्या दिवसापासून रावजींच्या घशाखाली भात उतरेना.

रावजी एका सरकारी कचेरीत धरणांचे नकाशे काढत. हात इतका सुबक, की साहेबांच्या मुलीच्या मुंजीला येणाऱ्यांसाठी रस्त्याचा नकाशा त्यांनी काढला तेव्हा त्यात उत्तर दिशा आणि गटारंसुद्धा प्रमाणात होती. (साहेबांना मुलगी नव्हती, मुलगा होता, असं रावजींची बायको आनंदीबाई दर वेळी मध्येच सांगत. रावजी दर वेळी चुकत.) तर असा हा माणूस. पगार आणि पेट्रोल यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. ड्रॉइंग बोर्डावर कागद ताणून बसवला आणि मथळा लिहिला: 'दोन टाक्यांची योजना'.

योजना काही त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं तशीच चालत. थंड इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की नळीवरचा कॉक फिरवून रॉकेलवर न्यायचं आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. नाहीतर नळीत रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन उठत नाही. एवढंच. पण या 'एवढंच'मध्ये रावजींचे तीन महिने गेले.

पहिला अडथळा त्यांनी स्वतःच उभा केला. जिल्ह्यातल्या निम्म्या जुन्या जीपगाड्या रॉकेलवर धावत होत्या आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं. रावजी सरकारी माणूस. लेखी परवानगीशिवाय टाकीला भोक पाडणं त्यांना पटेना. म्हणून ते शेजारच्या आप्पांकडे गेले. आप्पा कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत. ज्याच्या अर्जाला उत्तर येत नाही तो माणूस जिवंत आहे की नाही, अशी त्यांना शंका येई.

"इंजिनासाठी रॉकेल फक्त नौकेला मिळतं," आप्पा चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "तेव्हा अर्ज नौकेचाच करायचा."

"पण ती नौका नाही हो."

"मग तसं लिहू. खोटं कशाला लिहायचं?" आणि आप्पांनी नौकेच्या छापील अर्जात, 'नौकेचा प्रकार' या रकान्यात, वळणदार अक्षरात लिहिलं: 'जमिनीवरील'.

तीन आठवड्यांनी परवाने देणाऱ्या कचेरीतून उत्तर आलं. 'जमिनीवरील नौका म्हणजे काय, याचा नकाशासह खुलासा करावा.'

एखाद्याला वाईट वाटलं असतं. रावजींना 'नकाशासह' या शब्दाने गुदगुल्या झाल्या. त्यांनी वरून, बाजूने आणि मागून असे तीन नकाशे शाईने काढले, भागांना क्रमांक दिले, उत्तर दिशा दाखवली. गाडी वळली की उत्तर बदलेल, हे आनंदीबाईंनी लक्षात आणून दिलं, पण तोवर शाई वाळली होती.

"रॉकेल कुठलं घालणार?" आनंदीबाईंनी विचारलं.

"तूर्त रेशनकार्डावरचं. जरासंच लागेल."

"स्टोव्हचं रॉकेल गाडीला? मग भातही गाडीवरच शिजवा."

गाडीत त्या एकदाही बसल्या नव्हत्या. "ज्या दिवशी ती न ढकलता घरी येईल, त्या दिवशी बघू," असं त्यांनी मे महिन्यातच जाहीर केलं होतं. आळीतल्या बायका संध्याकाळी पायरीवर बसून गाडी येते कशी ते बघत. पुढून रावजी दिसत आणि मागून चार-पाच घामेजलेली डोकी. आनंदीबाईंना तेव्हा घरात काहीतरी काम आठवे.

टाकी बसवायला पूर्णगडहून त्यांचा धाकटा भाऊ भागोजी आला. भागोजी किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करी. तो इंजिनाला कान लावून बसे आणि मग हसे. कशाला हसला ते सांगत नसे. त्याने डिकीत होडीची पत्र्याची टाकी बसवली, तांब्याच्या नळ्या वाकवल्या, बाहेर पाऊस कोसळत असताना ओसरीवर बसून दोन दिवस ठोकाठोक केली आणि तिसऱ्या दिवशी हात पुसत म्हणाला, "झाला भावोजी. बगा."

रावजींनी पाहिलं. कॉक झकास होता, पितळेचा. पण तो डाव्या सीटच्या मागे, पार खाली बसवला होता.

"अरे, मी उजवीकडे बसणार. माझा हात पोचायचा कसा?"

भागोजीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी मासळी उलटी धरली होती. "तुमी कशाला हात घालताव? तुमी सुकानू धरायचा. टाकीवर दुसरा मानूस. होडीत सुकान्यावरचा मानूस टाकीकडं वळला का होडी गेलीच खडपावर आपटायला. आमच्या बापाशीनं आमाला शिकवलान तां हां."

"भागोजी, ही मोटार आहे."

"मग काय झाला? खडप नसंल, गटार असंल."

नळ्या पुन्हा वाकवल्या तर तडकतील, असं म्हणून तो दुपारच्या यष्टीने निघूनही गेला. रावजींनी कॉकच्या नव्या जागेचा नकाशा परवान्याच्या कचेरीला धाडला आणि कॉकच्या बाजूला सुबक अक्षरात 'पे', 'रॉ' आणि 'बंद' असं रंगवलं. जे आपल्याला दिसणारही नाही ते इतकं सुंदर रंगवणारा माणूस रत्नागिरीत दुसरा नसेल.

भागोजीचं म्हणणं खरं ठरायला दोन दिवस लागले. रविवारी सकाळी रावजी एकटेच निघाले. इंजिन तापलंसं वाटलं तेव्हा त्यांनी डावा हात मागे घातला, मग खांदा घातला, मग मान. कॉक सापडला तेव्हा गाडी सार्वजनिक नळावरच्या हंड्यांच्या रांगेत शिरलेली होती. माणूस कोणी नव्हतं ही देवाची कृपा. हंडे मात्र चेंडूसारखे चहूकडे गेले.

"ह्यो हंडा माज्या लग्नातला!" गोदूबाई चेपलेला हंडा डोक्यावर धरून ओरडली. "चाळीस वर्सात कदी कुटं आपाटला नव्हता!"

त्या दिवशी साऱ्या आळीचं पाणी रावजींनी भरलं. पाणी भरण्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण जाता-येता प्रत्येक जण थांबून "काय, गाडी कुठाय?" असं विचारत होता, ते लागलं.

तेव्हा दुसरा माणूस हवा हे नक्की झालं. दादू यष्टीचे निवृत्त ड्रायव्हर, समोरच राहत. तीस वर्षं त्यांनी घाट उतरवले होते. याहून लायक माणूस कोण? पण तीस वर्षं उजवीकडे बसलेला माणूस डावीकडे बसला, की तो माणूस राहत नाही. दादूंचा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबी, हात नसलेला हॉर्न शोधी आणि तोंड अखंड चाले. "क्लच! अहो क्लच! दुसरा टाका! बाई आहे पुढे!" या सगळ्यात कॉक राहून जाई. शेवटी गाडी डेपोच्या फाटकाशी आली आणि दादूंचा हात सवयीने मागे गेला. डेपो आला की बंद करायचं, एवढंच त्या हाताला माहीत होतं. कॉक 'बंद'वर गेला आणि गाडी फाटकात आडवी थांबली. आत सहा यष्ट्या, बाहेर चार. राजापूर गाडीच्या कंडक्टरने डबल बेल दिली आणि आतले प्रवासी रावजींना ढकलायला उतरले. तिकीट काढून ढकलणाऱ्यांची ही पहिलीच तुकडी.

मग आप्पा बसले. आप्पांचा प्रश्न निराळा होता. रावजी म्हणाले, "आप्पा, पेट्रोल!" तर आप्पा म्हणाले, "कारण?"

"गाडी चढाला लागणार आता, रॉकेलवर ओढायची नाही!"

"लागणार, की लागली?"

याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत भाट्याच्या पुलावर मधोमध गाडीने मान टाकली. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की मिरकरवाड्याकडच्या लोकांना पुलाला आग लागल्यासारखं दिसलं. दोन्ही बाजूंना वाहनं तुंबली. त्यांतल्याच एका जीपमधून एक गृहस्थ छत्री उघडत उतरले, त्यांनी डिकीतली टाकी पाहिली, नळ्या पाहिल्या आणि विचारलं, "जमिनीवरील नौका ती हीच का?"

हे परवान्याच्या त्याच कचेरीतले साहेब निघाले. रावजींना पुलावरून उडी मारावीशी वाटली. पण साहेबांनी ब्रीफकेसमधून रावजींचा नकाशा काढला आणि पावसात, छत्रीखाली, एकेक भाग ताडून पाहिला. "नकाशा अप्रतिम आहे," ते म्हणाले. "आणि एक सांगू? कार्डावरचं रॉकेल तुम्ही स्टोव्हात घाला नाहीतर आणखी कशात, कोण विचारतंय? तुम्ही विचारायला आलात म्हणून आम्हाला विचारावं लागतं." मग सहा क्रमांकाच्या भागावर बोट ठेवून ते थांबले. "हा कॉक चालकाच्या हाताला लागत नाही. चालवणार कोण?"

रावजी आणि आप्पांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "लेखी विचारतो," आणि मग त्यांनीही छत्री मिटून गाडीला हात लावला.

नारळी पुनव उजाडली. दादूंनी पाठ धरल्याचा निरोप पाठवला. आप्पांच्या घरून निरोप आला, की आप्पा यापुढे कोणत्याही वाहनात डावीकडे बसणार नाहीत. रावजी गाडीभोवती दोनदा फिरले. गाडी पुसून लख्ख केलेली होती. त्यांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मनातल्या मनात तिला खेडच्या गिरणीत पाहिली. कोंड्याने माखलेली, पट्ट्याला जुंपलेली.

"तू यष्टीने हो पुढे," ते आनंदीबाईंना म्हणाले. "मी दाजींना निरोप धाडतो. इथूनच घेऊन जा म्हणावं."

आनंदीबाई हिरवं लुगडं नेसून, नारळाची पिशवी घेऊन ओटीवर उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि एक कॅन घेऊन आल्या. तो त्यांनी रावजींच्या पायाशी ठेवला.

"हे काय?"

"पाच लिटर. महिनाभर स्टोव्ह पेटवला नाही. मागच्या पडवीत नारळाची सोडणं होती ढीगभर. चुलीवर केलं सगळं."

महिनाभर भाताला धुराचा वास येत होता खरा. तो गाडीचा धूर आपल्या नाकात बसलाय असं समजून रावजी मुकाट्याने जेवत होते. त्यांना एकदम भरून आलं. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "गाळून घेतलंस का?"

"फडक्यातून. दोनदा."

"पण तू तर म्हणाली होतीस, न ढकलता घरी येईल तेव्हाच..."

"दाजी टेम्पो घेऊन आलेत. पाने घेऊन दोन माणसं आणलीत बरोबर. भागोजीने कालच निरोप पाठवला. माझ्या माहेरच्या अंगणात तुमची गाडी सुटी करणार, आणि मी त्यांना नारळीभात वाढू? बसा तुम्ही." त्या डावं दार उघडून बसल्यासुद्धा.

गाडी पेट्रोलवर सुरू झाली. शिवाजीनगरच्या वळणाला रावजी म्हणाले, "तापली. फिरव, 'रॉ'वर."

"थांबा."

"अगं, काटा बघ की."

"काटा काय बघायचाय? आवाज ऐका. अजून गार आहे. गार स्टोव्हला पंप मारला की काय होतं?"

रावजींनी आयुष्यात स्टोव्ह पेटवलेला नव्हता.

"भडका आणि धूर," आनंदीबाई म्हणाल्या. "तीन महिने तेच तर करताय सगळे मिळून. वीस वर्षं स्टोव्ह पेटवतेय मी, मला कोणी विचारलंत का?"

बाजारपेठ मागे पडली तेव्हा त्यांनी न बघता हात मागे घातला आणि कॉक फिरवला. रावजींनी डोळे मिटून घेतले, मग ते गाडी चालवतायत हे आठवून उघडले. काही झालं नाही. खोकला नाही, धूर नाही. आवाज तेवढा जरा खालच्या पट्टीत गेला. भाट्याचा पूल आला आणि गेला! पुढे चढाच्या पायथ्याशी रावजींनी तोंड उघडायच्या आत आनंदीबाईंचा हात मागे गेलेला होता. चढ संपला, पुन्हा मागे गेला. दादू तीस वर्षांत आणि आप्पा दोन प्रश्नांत जे शिकले नव्हते, ते ही बाई नारळाची पिशवी मांडीवर सांभाळत करत होती.

गोळपच्या सड्यावर, वरच्या सपाट माळावर, रस्ता सरळ लागला. दोन्हीकडे हिरवं गवत, पावसाची एक सर येऊन गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रावजींनी पाय जरा दाबला. गाडीला बहुधा आपली गोव्याकडची शर्यत आठवली असावी.

"पंचेचाळीस!" रावजी ओरडले. "मैल, मैल आहेत हे!"

"समोर बघा!" आनंदीबाई ओरडल्या, पण त्या हसत होत्या. पदर दातात धरला होता, केसातली वेणी सुटून मागे उडत होती. रावजींनी त्यांना असं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते पाहण्यात गाडी गटाराच्या अगदी कडेने गेली. सुकाण्यावरच्या माणसाने वळून बघू नये, हे भागोजी म्हणाला होता ते याही बाबतीत खरं होतं.

पावस मागे पडलं. पूर्णगडचा उतार दिसायला लागला आणि इंजिनाने आचका दिला.

"रॉकेल संपलं," आनंदीबाई म्हणाल्या. "पेट्रोल किती आहे?"

"वाटीभर."

खाली घरांची कौलं दिसत होती. अंगणात टेम्पो उभा दिसत होता. टेम्पोला टेकून दाजीही दिसत होते.

"मग ते आत्ता नको. उतारावर कशाला जाळायचं? तुम्ही ब्रेक सांभाळा." त्यांनी कॉक 'बंद'वर नेला. गाडी आवाज न करता उतरू लागली. दाजींनी मान वर केली. दोघं पानेवाले पुढे सरसावले. उतार संपला, सपाटी लागली, वेग मरत मरत आला आणि दाजी "ढकला रे!" म्हणणार तेवढ्यात आनंदीबाईंनी 'पे' फिरवला. रावजींनी चालत्या गाडीचा क्लच सोडला. गाडी दचकली आणि अशी डरकाळी फोडून अंगणात शिरली, की कोंबड्या माडावर चढायच्या बेतात आल्या. जिथे थांबली तिथे पेट्रोलही संपलं.

"उतारावरून घरंगळली!" दाजी म्हणाले. "इंजिन बंद होतं. मी स्वतः ऐकलं!"

"ढकलली काय कुनी?" भागोजी पडवीतून म्हणाला. "तुमी न ढकलता म्हनलाव. वाऱ्यावर आलेली होडी काय बंदराला लागली नाय म्हनायची? जेवायला बसा."

दाजी तसे दिलदार. रिकामा टेम्पो परत न्यायचा नाही म्हणून त्यांनी त्यात नारळ भरले, आणि जेवताना रावजींना आग्रह करकरून भात वाढला. रावजी तीनदा जेवले. तीन महिन्यांत पहिल्यांदा भात सुखाने घशाखाली उतरत होता.

चार दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. 'भाग क्र. सहा, कॉक, हा कोण चालवणार, याचा खुलासा करावा.'

रावजींनी आपल्याकडचा मूळ नकाशा बोर्डावर लावला, बारीक टोकाचं पेन घेतलं आणि भागांच्या यादीत भर घातली: 'भाग क्र. सात: चालकाव्यतिरिक्त एक इसम (कायम).'

आनंदीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून वाचलं. "इसम म्हणजे मी?"

"कचेरीची भाषा असते गं ती."

"असू दे. ते 'कायम' तेवढं खोडा."

रावजींचा चेहरा उतरला. "मग काय लिहू?"

"सवडीनुसार."

चोवीस वर्षांच्या नोकरीत रावजींनी शाईच्या नकाशावर कधी खाडाखोड केली नव्हती. त्यांनी ब्लेड घेतलं, 'कायम' हा शब्द हलक्या हाताने खरवडून काढला आणि तिथे, इतर अक्षरांपेक्षा जरा मोठं, 'सवडीनुसार' लिहिलं.

पुढच्या रविवारी त्यांनी गाडी पुसली, डावं दार उघडलं आणि त्याला धरून उभे राहिले. हाक मारली नाही. आतून स्टोव्हचा भर्रर्र आवाज येत होता. समोरच्या ओटीवरून दादू आणि शेजारून आप्पा बघत होते.

बऱ्याच वेळाने स्टोव्हचा आवाज थांबला.